तोरणा ते राजगड : डोंगरधारेवरच्या एका सशुल्क मोहिमेचे परीक्षण

तोरण्याची बुधला माची आणि राजगडाची संजीवनी माची यांना जोडणारी डोंगरधार एका दिवसात पार करण्याची मोहीम पुण्यातील अनेक संस्था हिवाळाभर आयोजित करतात. त्यांपैकी एका संस्थेबरोबर गेल्या जानेवारीत केलेल्या मोहिमेचे हे परीक्षण आहे. संस्थेचे नाव येथे देत नाही. जे खटकले ते तिला लेखी कळवले आहे, आणि त्यातील बरेचसे या धारेवर माणसे नेणाऱ्या इतरांनाही लागू पडेल असे आहे. शुल्क प्रत्येकी १,३५० रुपये होते आणि त्यात पुण्याहून जाण्यायेण्याचा बसप्रवास, सकाळचा नाश्ता, दुपारचा डबा, संस्थेचे लीडर आणि स्थानिक वाटाड्या यांचा खर्च धरलेला होता. बस वेळेवर सुटली, पोहे गरम होते आणि डब्यातील पिठलं-भाकरी चवीला उत्तम होती. या तिन्हींबद्दल याहून अधिक लिहिण्याची गरज मला वाटत नाही, कारण अशा मोहिमेत आपण पैसे मोजतो ते, पाऊल चुकले तर सावरायला जागा नाही अशा वाटेवर आपल्या पुढे आणि मागे कोण चालते, यासाठी.

धारेची ओळख थोडक्यात करून देणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे म्हणणे तिच्या घडणीवर अवलंबून आहे. तोरणा हा १४०३ मीटर उंचीचा, पुणे जिल्ह्यातील सर्वांत उंच किल्ला. त्याच्यापासून निघालेली रांग राजगडाला जाऊन भिडते. या रांगेच्या एका अंगाला कानंदीचे खोरे आहे आणि दुसऱ्या अंगाला वेळवंडीचे, ज्यात भाटघर धरणाचे पाणी खोलवर आत शिरलेले दिसते. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्ह्याच्या एकावर एक साचलेल्या थरांचा आहे. त्यातला कठीण थर उभा तुटतो, मऊ थर झिजून तिरका उतार होतो, आणि दोन्ही बाजूंच्या ओढ्यांनी डोंगर आतपर्यंत कुरतडत नेला की मध्ये जो कणा उरतो ती ही धार. तिच्या माथ्यावर कातळ सगळीकडे उघडा नसतो. झिजलेल्या दगडाचा बारीक मुरूम त्याच्यावर पसरलेला असतो आणि पावसाळ्यात कमरेपर्यंत वाढलेले गवत जानेवारीत वाळून, आडवे होऊन त्या मुरमावर पडलेले असते. पाय सटकतो तो या दोहोंमुळे, आणि सटकतो तो बहुधा उतरताना.

संपूर्ण वाट अरुंद आहे असे मात्र कोणी समजू नये. बुधल्याजवळची शिडी उतरल्यानंतरचा पट्टा खरोखर चिंचोळा आहे. तेथे काही ठिकाणी दोन माणसे शेजारी उभी राहू शकत नाहीत आणि दोन्हीकडचा उतार नजरेला थेट खाली नेतो. त्यानंतर वाट कधी धारेच्या पोटातून आडवी जाते, कधी झाडीत शिरते, तर कधी धनगरांच्या घरांपाशी मोकळ्या सपाटीवर येते. कलावंतीणचा सुळका किंवा हरिहर किल्ला येथे छातीत अधिक धडधडते हे खरे, परंतु तेथे कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, आणि हरिहरला तर बोटे रोवण्यासाठी खोबण्याही आहेत. या धारेवर हाताला काहीच नाही. सगळा भरवसा पायांवर आणि डोक्यावर ठेवावा लागतो, आणि म्हणूनच ज्याला दृष्टिभय, म्हणजे उंचावरून खाली पाहताना वाटणारी भीती, आहे त्याला ही वाट हरिहरपेक्षा जड जाऊ शकते.

संस्थेने दिलेल्या माहितीत यातले काहीही नव्हते. जाहिरातीत मोहिमेची श्रेणी ‘मध्यम’ एवढीच लिहिलेली होती आणि छायाचित्रे ढगांच्या समुद्रातून डोके वर काढणाऱ्या बुरुजांची होती. दमाच्या दृष्टीने ही श्रेणी चुकीची नाही, कारण रोज तासभर चालणारा कोणीही निरोगी माणूस एवढी पायपीट करू शकतो. परंतु ‘मध्यम’ या एका शब्दात दम, अंतर, उन्हाचा त्रास आणि कड्याच्या काठावरून चालण्याची भीती या चार वेगळ्या गोष्टी कोंबल्या की वाचणाऱ्याला त्यातली एकच कळते. नावनोंदणीच्या अर्जात रक्तगट विचारला होता, जुने आजार विचारले होते आणि जबाबदारी स्वतःची असल्याचे मान्य करणारी स्वाक्षरी घेतली होती. उंचावरून खाली पाहिल्यावर चक्कर येते का, यापूर्वी उघड्या कड्यावरची लोखंडी शिडी उतरला आहात का, गुडघ्याचे दुखणे आहे का, हे तीन प्रश्न कोठेही नव्हते. ते विचारले असते तर आमच्या तुकडीतील दोघा-तिघांनी तरी दुसरी मोहीम निवडली असती, असे त्या दिवशी जे पाहिले त्यावरून मला निश्चित वाटते.

सामानाची यादी चांगली होती. तीन लिटर पाणी, विजेरी, टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि वाळके गवत टोचू नये म्हणून लांब विजार, हे सगळे तिच्यात होते. सुगंधी द्रव्ये लावू नयेत, धूम्रपान करू नये आणि गाणी वाजवण्याचे स्पीकर आणू नयेत, अशी स्पष्ट ताकीद होती आणि ती पाळलीही गेली. गडांच्या कड्यांवर आग्या माश्यांची पोळी असतात आणि चिंचोळ्या धारेवर माश्या उठल्या तर पळायला जागाच नसते, हे कारणही सांगितले होते. बुटांच्या बाबतीत मात्र ‘स्पोर्ट्स शूज चालतील’ एवढेच लिहिलेले होते, आणि हे मला मान्य नाही. पळण्याच्या बुटांचा तळ मऊ आणि जवळजवळ सपाट असतो. डांबरी रस्त्यावर तो आरामदायक ठरतो, परंतु मुरमावर त्याच्याखाली दाणे गोट्यांसारखे फिरतात. खोल खाचांचा, पकड घेणाऱ्या रबराचा तळ असलेले, निदान महिनाभर वापरून पायाला बसलेले बूट असावेत, असे लिहायला हरकत नव्हती. असे बूट बाजारात फार महाग मिळत नाहीत, आणि सह्याद्रीत फिरणारी मंडळी वर्षानुवर्षे तेच वापरत आली आहेत.

मध्यरात्री तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्हे गावात पोहोचून, शाळेच्या आवारात थोडे पडून, पहाटे पाचच्या सुमारास तोरण्याची चढण सुरू झाली. या वाटेवरही एक सोंड बरीच निमुळती आहे आणि वरच्या कातळटप्प्यावर लोखंडी कठडे लावलेले आहेत. अंधारात खालचे काही दिसत नाही, त्यामुळे भीती वाटत नाही. धोका अर्थात तेवढाच असतो, आणि लीडरांनी येथे रांग मोडू न देता, प्रत्येक वळणावर मागच्या विजेऱ्या मोजत तुकडी वर नेली ती पद्धत शिस्तीची होती. उजाडता उजाडता बिनी दरवाजा आला. मेंगाई देवीच्या देवळापाशी नाश्ता झाला आणि तेथेच ओळखपरेड व गडाचा इतिहास सांगणे अपेक्षित होते, परंतु वेळ नाही म्हणून ते पुढे ढकलले गेले. पुढे म्हणजे कोठे, तर बुधला माचीच्या काठावर, वारा सुटलेला असताना, लोक पाठीवरच्या सॅकसह उभे असताना. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगडाची उभारणी झाली ही परंपरेने चालत आलेली हकिकत सांगणाऱ्या तरुण लीडरला मनापासून येत होती आणि त्याची भाषाही चांगली होती. पण ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांचे लक्ष वाऱ्याने उडणाऱ्या टोप्यांकडे आणि उरलेल्यांचे मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे होते. काठावर माणसांना पंधरा मिनिटे उभे करून त्यांची पाठ दरीकडे होऊ देणे ही माझ्या मते चूक आहे, मग सांगितली जाणारी कथा कितीही चांगली असो.

आता शिडी. या मोहिमेचे बरेवाईट येथेच ठरते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

तुकडीत बेचाळीस जण होते. त्यांच्यासाठी संस्थेचे चार लीडर आणि वेल्ह्याकडचा एक वाटाड्या होता. बुधला माचीवरून राजगडाच्या बाजूला उतरताना एक लोखंडी शिडी लागते. शिडी भक्कम आहे. तिच्यावर एका वेळी एकानेच उतरायचे, तोंड कड्याकडे करून उतरायचे, दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात सतत टेकलेले ठेवायचे, ही सूचना वरच्या लीडरने प्रत्येकाला वेगळी, त्याच्या डोळ्यांत पाहून दिली. खाली दुसरा लीडर उभा राहून शेवटच्या पायऱ्यांना ‘आता उजवा पाय खाली, आणखी वीतभर’ असे सांगत होता. यात नाव ठेवायला जागा नाही. परंतु एका माणसाला सॅक आवळणे, वळणे, उतरणे आणि खाली उतरून बाजूला होणे यासाठी पावणेदोन मिनिटे धरली, तरी बेचाळीस जणांना सव्वा तास लागतो, आणि तेवढाच लागला. पहिला माणूस दहा वाजता उतरला आणि शेवटचा सव्वाअकराला. एवढा वेळ वरची मंडळी उन्हात ताटकळली आणि खाली उतरलेली मंडळी अशा जागेत गोळा होत गेली, जिथे वीस माणसांनी उभे राहणेच मुळात योग्य नाही.

दुसरी एक गोष्ट याच ठिकाणी घडली. एका तरुणाच्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यातील स्टीलची बाटली शिडीच्या मध्यावर निसटली, खालच्या कातळावर एकदा आपटली आणि उतरून थांबलेल्या लोकांच्या पायांजवळून घरंगळत दरीत गेली. कोणाला लागली नाही. शिडीच्या थेट खाली कोणी थांबायचे नाही, ही सूचना त्यानंतर मोठ्याने देण्यात आली. ती आधी द्यायला हवी होती, आणि शिडीआधी प्रत्येकाची सॅक तपासून बाहेर लटकणारी बाटली, काठी, कॅमेऱ्याचा पट्टा हे सगळे आत टाकायला लावायला हवे होते. या तपासणीला माणशी दहा सेकंद लागतात आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसाजवळ वेळच वेळ असतो.

माझा मुख्य आक्षेप या रांगेवर आहे. लीडर कुशल असले तरी बेचाळीस माणसे आणि एक शिडी यांचे गणित बदलत नाही. हरिहरच्या पायऱ्यांवर पावसाळी रविवारी होणारी कोंडी सर्वांनी पाहिलेली किंवा ऐकलेली आहे. धारेवर तशी कोंडी दिसत नाही, कारण ती लांबवर पसरते, पण तिचे परिणाम दिवसभर मागे लागतात. सव्वा तास गेला की पुढची चाल वाढवावी लागते, चाल वाढली की कच्च्या चालणाऱ्यांचे पाऊल बिघडते, पाऊल बिघडले की भीती बसते, आणि भीतीने पुन्हा रांग थांबते. आमच्या दिवशी हे सगळे याच क्रमाने झाले.

शिडीनंतरच्या चिंचोळ्या पट्ट्यावर तुकडीचे चार गट करण्यात आले. प्रत्येक गटाला एक लीडर मिळाला आणि वाटाड्या सर्वांत पुढे राहिला. माझ्या गटाची लीडर तिशीच्या आतबाहेरची एक मुलगी होती, आणि या परीक्षणात स्तुतीचे जे काही आहे त्याचा मोठा भाग तिच्या वाट्याला जातो. धारेवर पाऊल ठेवण्यापूर्वी तिने आम्हाला जागच्या जागी थांबवून चारच गोष्टी सांगितल्या. दोन माणसांत दोन हातांचे अंतर ठेवा. पाऊल पूर्ण टेकवा, टाच आधी रोवून ब्रेक लावायला जाऊ नका. वाळक्या गवतावर पाय देण्याऐवजी शेजारी उघडा दगड किंवा माती दिसते का ते पाहा. आणि दगड सुटला तर तो कोणाच्या पायाने सुटला याचा विचार न करता ‘दगड’ म्हणून ओरडा. छायाचित्रे कोठे काढायची तेही तिनेच सांगितले, धार रुंद होते त्या दोन जागा हाताने दाखवून, आणि मधल्या भागात मोबाइल खिशाबाहेर काढू दिला नाही.

याच पट्ट्यावर पन्नाशीचे एक गृहस्थ मध्येच थांबले. त्यांचे डोळे फिरले होते. गुडघे किंचित वाकवून, दोन्ही हात वाटेवर टेकवण्याच्या बेतात ते उभे होते आणि पुढेही जाईनात, मागेही येईनात. अशा वेळी मागून ‘काही होत नाही, चला’ असा गलका होतो तो तिने प्रथम बंद केला. त्यांना आहे तेथे खाली बसवले, पाणी दिले आणि दोन-तीन मिनिटे काहीच बोलली नाही. त्यांची सॅक उतरवून तिने वाटाड्याला परत बोलावून त्याच्याकडे दिली, स्वतःच्या छातीवर घेतली नाही, कारण छातीवर सॅक असली की आपलेच पाऊल आपल्याला दिसत नाही. हातही धरला नाही, कारण हात धरून चालवले की घसरणारा धरणाऱ्यालाही घेऊन जातो. ती त्यांच्यापुढे चार पावलांवर उभी राहिली आणि म्हणाली, “काका, माझ्या टाचांकडे बघायचं. टाच उचलली की तुम्ही तिथेच पाऊल ठेवायचं. दुसरीकडे कुठे बघायचं नाही.” पुढचा सगळा चिंचोळा भाग ते असेच चालले, सावकाश, पण एकदाही न थांबता. दोरखंड पिशवीत होता आणि तिने तो काढला नाही, हेही मला योग्य वाटले. मुरमाड धारेवर दोर बांधायला विश्वासाची जागा नसते, आणि दोन माणसांनी दोन टोकांना हातात धरलेला दोर आधार दिल्याचा केवळ भास निर्माण करतो. चालणारा त्याच्यावर वजन टाकतो, आणि धरणारा ते पेलू शकत नाही.

वाटाड्यांना सगळे मामा म्हणत होते. साठीकडे झुकलेले, पायात साध्या चपला. आमच्यातील एकीने त्यांना विचारले, की मामा, वाट अजून किती वेळ अशीच बारीक आहे? त्यांचे उत्तर असे होते : “वाट हाय तेवढीच ऱ्हाणार, ताई. बघायचं आसंल तर थांबून बघा, चालायचं आसंल तर पायाखाली बघा. दोन्ही एका टायमाला करू नगा.” संस्थेच्या छापील सूचनापत्रातील पंधरा कलमांत हे वाक्य नव्हते. मामांचे मानधन किती याची मी चौकशी केली नाही, परंतु ढोरवाटांच्या जाळ्यातून नेमकी वाट ओळखणे, कोणत्या घरी ताक आणि पिण्याचे पाणी मिळेल हे ठाऊक असणे, गवत कोठे जाळले गेले आहे आणि कोठे उभे आहे हे आदल्या दिवशीच पाहून आलेले असणे, हे काम चार लीडरांच्या कामाइतकेच मोलाचे होते. माहितीपत्रकात ‘स्थानिक मदतनीस’ अशा दोन शब्दांत त्याची बोळवण करणे मला पटले नाही.

दुपारी दोनच्या सुमारास धार खिंडीत उतरते. तेथे वेल्ह्याच्या बाजूने येऊन पलीकडे भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता तिला छेदतो. या मोहिमेतील ही अत्यंत महत्त्वाची जागा आहे, कारण ज्याला पुढे जायचे नाही त्याला येथे गाडीने बाहेर पडता येते. संस्थेची बस त्या वेळी रिकामीच राजगडाच्या पायथ्याकडे वळसा घालून जाणार होती आणि तिला किंवा एखाद्या जीपला खिंडीत बोलावणे अशक्य नव्हते. तरीही असा पर्याय आहे हे सकाळच्या सूचनांमध्ये सांगितले गेले नाही, खिंडीत आल्यावरही कोणी आपणहून सांगितले नाही. डोळे फिरलेल्या त्या गृहस्थांनी स्वतः विचारले तेव्हा ते कळले, आणि मग आणखी तिघांनी हात वर केले. हे चौघे आधीपासून जाणत असते, की दुपारी दोन वाजता आपल्याला सुटका आहे, तर धारेवरची त्यांची सकाळ कितीतरी हलकी झाली असती. वाट मध्येच सोडता येते हे सांगितल्याने लोक मोहीम सोडून जातील अशी धास्ती आयोजकांना वाटत असावी. माझा अंदाज उलटा आहे. सुटकेची जागा माहीत असलेला माणूस अधिक शांतपणे चालतो.

खिंडीतून संजीवनी माचीची चढण उन्हाने तापलेली आणि दमवणारी आहे, पण तिच्यात भीतीचे काही नाही. आळू दरवाजातून आत शिरल्यावर माचीची दुहेरी तटबंदी सुरू होते. चिंचोळ्या सोंडेवर बाहेरची एक आणि आतली एक अशा दोन भिंती आणि मध्ये एक माणूस जाईल एवढी सांद, अशी ही रचना आहे. दिवसभर जी धार आपण पायांखाली घेऊन आलो तिच्याच टोकावर हे बांधकाम कसे बसवले असेल, हा विचार चालून आलेल्या माणसाच्या मनात येतो तसा पाली दरवाजाने चढून आलेल्याच्या मनात येत नाही. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून ज्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली त्यांत राजगड आहे, तोरणा नाही. दोन्ही किल्ले एका धारेने पाहिल्यावर ही निवड थोडी विचित्र वाटते. इतिहास सांगायचा तर तो येथे, सावलीत, तटाला पाठ टेकून सांगण्यासारखा होता. पण येथे पोहोचेपर्यंत पाच वाजत आले होते आणि संजीवनी माची आम्ही अक्षरशः धावत पाहिली.

सकाळच्या सव्वा तासाची किंमत अखेर राजगडाच्या उतारावर द्यावी लागली. जानेवारीत सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो. पद्मावती माचीवरून चोर दरवाजाने पायथ्याच्या गुंजवणे गावाकडे उतरायला सुरुवात झाली तेव्हा उजेड जात आला होता. चोर दरवाजाखालचा टप्पा उभा आहे. तेथे कठडे आहेत, परंतु दिवसभराच्या चालीने थरथरणाऱ्या पायांनी, विजेरीच्या उजेडात, पुढच्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर आपले पाऊल असताना तो उतरणे सुखाचे नव्हते. पाली दरवाजाची वाट लांब असली तरी रुंद आणि पायऱ्यांची आहे. उशीर झाल्याचे कळल्यावर त्या बाजूने उतरण्याचा निर्णय घेता आला असता. बस गुंजवण्यात उभी होती म्हणून तो घेतला गेला नाही, असे कारण नंतर मिळाले. बस माणसांसाठी असते आणि तिला चाके असतात, हे लेखी अभिप्रायात मी थोड्या सौम्य शब्दांत कळवले आहे.

सुरक्षेच्या इतर तयारीविषयी थोडेसे. प्रथमोपचाराची पेटी दोन लीडरांकडे होती आणि एकाचा पाय मुरगळला तेव्हा पट्टी व्यवस्थित बांधली गेली. बिनतारी संच पुढच्या व मागच्या लीडरकडे होते. हे कौतुकास्पद आहे, कारण धारेच्या पोटात मोबाइलला सर्वत्र रेंज नसते. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून अशा मोहिमा नेणाऱ्यांच्या नोंदणीची तरतूद केली आहे. नावनोंदणीपूर्वी संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि लीडरांचे गिर्यारोहण व प्रथमोपचाराचे प्रशिक्षण यांविषयी विचारणा करण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे. मी विचारले आणि या संस्थेने न कुरकुरता माहिती दिली. विचारल्यावर टाळाटाळ करणारी संस्था असेल तर तेथेच थांबावे.

ही मोहीम कोणी करावी, असे विचारले तर ज्यांनी राजगड आणि तोरणा वेगवेगळे पाहिले आहेत, ज्यांना उतारावर स्वतःच्या पायांचा अंदाज आहे आणि ज्यांना गच्चीच्या कठड्यावरून खाली पाहताना पोटात गोळा येत नाही, त्यांनी अवश्य करावी. डिसेंबर आणि जानेवारी हे महिने सर्वांत बरे. फेब्रुवारीनंतर ऊन आणि पाण्याची टंचाई यांमुळे धार निष्ठुर होते, आणि पावसाळ्यात मुरूम, शेवाळ व धुके यांच्यामुळे चिंचोळा पट्टा अननुभवी माणसांसाठी नाही. पहिलाच ट्रेक म्हणून, किंवा कार्यालयातल्या वीस सहकाऱ्यांना एकत्र बांधून नेण्याची सहल म्हणून ही वाट निवडू नये. लहान मुलांना या एकदिवसीय स्वरूपात नेऊ नये, असेही माझे स्पष्ट मत आहे. त्यांना दमाची अडचण येणार नाही, शिडीच्या रांगेत तासभर शांत उभे राहणे मात्र त्यांना जमणार नाही.

लेखी अभिप्रायाला संस्थेचे उत्तर आठवड्याच्या आत आले. दृष्टिभयाचा आणि शिडीचा उल्लेख माहितीपत्रकात करणे, शिडीआधी सॅक तपासणे आणि खिंडीतील सुटकेची सोय आधीच जाहीर करणे, या तीन गोष्टी त्यांनी मान्य केल्या आहेत. तुकडी वीस जणांचीच असावी, या माझ्या सूचनेवर मात्र, वीस जणांत बसचा आणि लीडरांचा खर्च निघत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. हिशेब त्यांचा बरोबर असेलही. पण मग शुल्क वाढवावे, दोन हजार करावे, आणि त्या बदल्यात शिडीपाशी अर्ध्या तासात मोकळे करावे. त्या पैशांत पोहे दिले नाहीत तरी चालतील.